पाहुण्यांचा तांदूळ

पुणे, २१ जुलै २००२

प्रिय मामाजी,

नमस्कार. मामीलाही सांगा.

पोचल्याबरोबर पत्र टाकते म्हणाले होते आणि बारा दिवस झाले. तुमच्या डायरीत याची नोंद झाली असेलच, म्हणून कारणं सांगत नाही.

कॉलेज चांगलं आहे. अभ्यासक्रमाचं नाव घेतलं की लोक मान डोलावतात, पण कळलेलं नसतं. ‘आंतरराष्ट्रीय व्यवसाय व्यवस्थापन’ म्हणजे काय, असं आईनं विचारलं तेव्हा मी ‘परदेशाशी व्यापार’ म्हणाले होते. इथं आल्यावर समजलं, की निम्मा अभ्यासक्रम कागदांचा आहे. माल एकदा जातो, कागद दहा वेळा. आमचे डॉक्युमेंटेशनचे सर म्हणतात, बोट बुडाली तरी चालेल, कागद भिजता कामा नये.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी उभं राहून ओळख करून दिली. मी गोंदिया म्हणाले. मागून एक मुलगा म्हणाला, “मध्य प्रदेश ना?” मी म्हणाले, “नाही, महाराष्ट्रच. तुमचा नकाशा संपतो तिथून पुढे चार तास.” सगळे हसले. माझ्यावर हसले की त्याच्यावर, ते अजून कळलेलं नाही.

आता काम. प्रत्येकानं आपल्या जिल्ह्यातली एक वस्तू घ्यायची आणि ती परदेशात विकण्याची पूर्ण योजना करायची. जानेवारीत सिंगापूरहून श्रीमती लिम नावाच्या बाई येणार आहेत. त्यांची तिथं चार रेस्टॉरंटं आहेत, माल त्या स्वतः मागवतात. त्या सगळे नमुने बघणार, पसंत पडला तर थोडा माल खरंच घेणार, आणि एका विद्यार्थ्याला तीन महिने सिंगापूरला आपल्या ऑफिसात शिकायला नेणार. साठजणांत एक जागा.

मामाजी, ती जागा मला हवी आहे. दुसऱ्या कुणाला असं सरळ लिहिलं नसतं.

मी चिन्नोर तांदूळ लिहून दिला आहे. बाकीच्यांकडे द्राक्षं, काजू, कोल्हापुरी चपला. आपल्याकडे वास आहे. बरोबर केलं ना?

तुमची नूतन


अर्जुनी मोरगाव, ४ ऑगस्ट २००२

चि. नूतन,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र २७ तारखेला मिळालं. उत्तराला आठ दिवस लागले याचं कारण असं, की ‘बरोबर केलं ना?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता येईना. चिन्नोरचा वास आपल्याला आवडतो, कारण आपण त्या वासात वाढलो. सिंगापूरच्या बाईला तो का आवडावा? मी भूगोल शिकवतो, दरवर्षी मुलांना भाताचे प्रदेश रंगवायला लावतो, पण तिकडचा भात कसा लागतो हे मला ठाऊक नाही. तेव्हा माझं उत्तर एवढंच: चूक केलीस असं मला वाटत नाही.

हे तुझ्या मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “एवढं लिहाले आठ दिवस लागले?”

पावसानं यंदा फार वाट पाहायला लावली. वाफ्यातले धानाचे परे पिवळे पडायला लागले होते. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं तेव्हा कुठं आपल्या बांधीत रोवणी सुरू झाली. आपला चिन्नोर पाऊण एकरच असतो, ते तुला माहीत आहे. म्हणून शेजारच्या चैतरामशी आणि भैय्यालालशी बोलून ठेवलं. दोघांचाही चिन्नोर आहे. बाईंनी माल मागितलाच तर तिघं मिळून देऊ. चैतरामनं विचारलं, “मास्तर, तांदळालेबी पासपोर्ट लागते का?” मी म्हटलं, नूतनला विचारून सांगतो.

विचारतो आहे. लागतो का?

तुझा,
केवळराममामा


पुणे, १० नोव्हेंबर २००२

प्रिय मामाजी, मामी,

चैतरामकाकाजींना सांगा, लागतो. त्याला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट म्हणतात. तांदळाला कीड नाही असा सरकारी दाखला. फोटो मात्र लागत नाही.

दिवाळीला येता आलं नाही. मंडई कशी झाली? रात्री नाचगाण्याला दंडार कुणाची होती? इथं हॉस्टेलवर मी मैत्रिणींना सांगत होते, की आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, तारखा आधीच ठरतात, एका गावची दुसऱ्या गावाच्या आड येत नाही, आणि प्रत्येक घरी दहा-वीस पाहुणे असतातच. एकीनं विचारलं, “एवढ्यांना जेवायला कोण घालतं?” तिला मामीचं नाव सांगितलं.

सोबत नमुना पत्रक पाठवते आहे. इंग्रजीत आहे, पण तुम्हाला अवघड नाही. वाण, पीक वर्ष, ओलावा, तुटक्या दाण्यांचं प्रमाण, कुठं पिकला, आणि खाली पुरवठादाराची सही. ती तुमची. यंदाचंच पीक हवं, कारण ऑर्डर मिळाली तर यंदाचाच माल जाणार. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: माल नमुन्याप्रमाणे. म्हणाले, एवढं एक वाक्य पाळलं तर बाकीचा अभ्यासक्रम विसरलात तरी चालेल. मग म्हणाले, विसरू नका, परीक्षा आहे.

दोन किलो पुरे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत हवा.

नूतन


अर्जुनी मोरगाव, ८ डिसेंबर २००२

चि. नूतन,

नमुना गावातल्या खुशालबरोबर पाठवतो आहे. तो पुण्याला भावाकडे निघाला आहे, तुझ्या हॉस्टेलवर आणून देईल. पिशवी त्यानं डोक्याखाली घेऊन झोपावं, असं त्याला सांगितलं आहे. तो म्हणाला, “मास्तर, सोनं आहे का आत?”

चुरणे मागच्या आठवड्यात झाले, धान मळून घरात आलं. चिन्नोर यंदा कमी आला, पण दाणा भरला आहे. धान मिलवर नेऊन थोडा वेगळा काढून घेतला, तिथंच ओलावा मोजून घेतला. चौदा. तुकडा किती हे मिलवाला अंदाजानं सांगत होता, मला पटेना. मी घरी शंभर-शंभर दाण्यांचे पाच ढीग करून मोजले. सरासरी सहा आली. एका ढिगात अकरा होते. तो ढीग धरावा की नको, यावर बराच विचार केला. धरला.

पत्रकात पीक वर्ष ‘खरीप २००२’ लिहून सही केली. ‘कुठं पिकला’ या रकान्यात गोंदिया जिल्हा लिहिताना बरं वाटलं. चार वर्षांपूर्वी भंडारा लिहावं लागलं असतं.

पिशवी तुझ्या मामीनं भरली आणि शिवली. कापडाला ओळखीचा वास येतो आहे. तुला घरची आठवण होईल.

मामा


पुणे, १९ जानेवारी २००३

मामाजी! मामी!

लिम बाईंनी चिन्नोर निवडला!

नीट सांगते. साठ नमुने होते. बाई ठेंगण्या, साठीच्या, पायात कापडी बूट. कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. द्राक्षं बघितली, एक खाल्लं, पुढे गेल्या. माझ्या टेबलाशी आल्या, मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन नाकाशी नेला आणि म्हणाल्या, “शिजवून दाखव.” कुणालाच शिजवायला लावलं नव्हतं. मी हॉस्टेलच्या मेसमधून पातेलं आणलं. भात झाला. मामाजी, काय भात झाला! एकेक दाणा सुटा, लांब झालेला, सगळ्या हॉलमध्ये वास. बाईंनी नुसताच खाल्ला, वरण नाही, काही नाही. मग पुन्हा घेतला.

त्या पाच टन मागवणार आहेत, पहिली खेप म्हणून. आणि सिंगापूरच्या जागेसाठी आता फक्त दोघं उरलोत: मी आणि कोल्हापूरचा एक मुलगा. त्याचा गूळ आहे. बाई १ मार्चला परत येतील, त्या दिवशी शेवटचं सादरीकरण.

पिशवी उघडली तेव्हा आपल्या आतल्या खोलीचा वास आला होता. पिशवी घडी करून उशाशी ठेवली.

चैतरामकाकाजी आणि भैय्यालालकाकाजींना सांगा, धान विकू नका म्हणावं!

नूतन


अर्जुनी मोरगाव, २ फेब्रुवारी २००३

चि. नूतन,

तुझं पत्र मिळून दहा दिवस झाले. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. ‘एकेक दाणा सुटा’ इथं आलो तेव्हा तुझी मामी चुलीपासून म्हणाली, “होईन नाही का मोकळा? तीन सालचा होता.”

मी विचारलं, काय तीन सालचा?

तिनं सांगितलं ते असं. मी मिलवरून आणलेला नवा तांदूळ तिनं बाजूला ठेवला आणि आतल्या खोलीतल्या धान साठवायच्या मोठ्या ढोलीतून तीन वर्षांपूर्वीचं धान काढून, कांडून, तो तांदूळ तुझ्या पिशवीत भरला. त्या ढोलीत ती कडुनिंबाचा पाला घालून लग्नाकार्यासाठी जुनं धान राखते, हे तुलाही माहीत आहे. “परदेशातली बाई जेवणार, अन् तिले नवा तांदूळ? त्याचा तं लगदा होते. आपल्या पोरीचं नाव नाही जाणार का?” तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. मी विचारलं असतं तर तिनं तेव्हाच सांगितलं असतं.

मी विचारलं नाही. आणि इथंच माझी अडचण आहे. ‘मला हे ठाऊक नव्हतं’ असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते फाडलं. पिशवीला पाल्याचा वास येत होता. मी तुला तसं लिहिलंही होतं, फक्त कशाचा ते लिहिलं नव्हतं. आठ डिसेंबरची डायरी काढून पाहिली. तिच्यात वासाचा उल्लेखच नाही. जो माणूस तुकड्याचे दाणे मोजतो, तो हे लिहायला विसरला? मला वाटतं मी विसरलो नाही.

पाच टन जाणार तो यंदाचा. तो वाईट नाही, पण तो हा नव्हे. माल नमुन्याप्रमाणे नाही, आणि पत्रकावर सही माझी आहे.

सोबत तुझ्या कॉलेजच्या नावे इंग्रजीत एक पत्र लिहिलं आहे. त्यात झालेलं सगळं आहे. पाकीट बंद केलेलं नाही. द्यायचं की नाही, ते तू ठरव. असं करणं म्हणजे माझं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवणं तर नाही, हा विचार मी करतोच आहे.

मामा


पुणे, ९ फेब्रुवारी २००३

मामाजी,

तोच विचार योग्य होता. तुमचं मन हलकं झालं, माझं जड झालं.

काऊन लिहिलं तुम्ही? मार्चनंतर लिहिलं असतं तर? सिंगापूरला कुणी तारखा बघून भात खाणार होतं का? इथं सगळे आपापल्या नमुन्याला तेल लावून चमकवतात. द्राक्षं एकेक निवडून आणलेली होती.

तुमचं पत्र माझ्या उशीखाली आहे. कुणाला दिलेलं नाही. देईन असंही सांगत नाही.

नूतन


अर्जुनी मोरगाव, १६ फेब्रुवारी २००३

चि. नूतन,

हे पत्र तुझ्या मामीचं आहे. ती सांगते आहे, मी लिहितो आहे. एकही शब्द बदलायचा नाही अशी तिची अट आहे.

“नूतन बाई, तुह्या मामाजीले झोप नाही. रोज त्या वहीत लिहून राहिले अन् खोडून राहिले. वही संपाले आली. (संपायला अजून चाळीस पानं आहेत. — के.)

तू रागावली ते बरं केलं. मीबी रागावली. माह्यावर खोटेपणाचं नाव येऊन राहिलं, अन् म्या तं चांगलं केलं होतं. तू सात साल माह्या घरी राहून शिकली. पाहुण्याच्या ताटात कधी नवा तांदूळ पाहिला? दारात पाहुणा आला की पाय धुवाले लोटाभर पाणी, अन् ताटात जुना भात. घरच्याईले नवा. कोणी इचारत नाही अन् कोणी सांगत नाही. म्याबी नाही सांगतलं.

पण चार दिवस इचार केला. तुह्या मामाजीसारखा नाही, काम करता करता केला. (हे लिहिण्याची गरज होती का, असं मी विचारलं. होती म्हणाली. — के.) तं मले असं समजलं. ती बाई पाहुणी म्हणून येईन तं तिले जुना भेटन. त्याचा पैसा नाही घेणार. अन् ती गिऱ्हाईक म्हणून येईन तं तिले तोच दाखवाचा जो बोऱ्यात भरू. म्या पाहुणीचं ताट गिऱ्हाइकाच्या पुढं ठेवलं. चुकलं तं एवढंच चुकलं.

असंच तिले सांग. इंग्रजीत सांग. भेऊ नोको. कायले भेते? ती का खाऊन टाकते? खाल्ला तं भातच खाल्ला ना तिनं!

नाही सांगाचं असन तं नोको सांगू. पण मंग उशीखालचं ते पत्र काढून ठेव. त्याच्यावर झोप येत नाही. मले मालूम आहे, मी त्या माणसाच्या बाजूले एकवीस साल झोपून राहिली.”

इथं ती उठून गेली. मी माझ्याकडून काही जोडत नाही.

के.


पुणे, ८ मार्च २००३

प्रिय मामी, प्रिय मामाजी,

सांगितलं.

सादरीकरणाच्या तेवीस स्लाइड तयार केल्या होत्या. पहिली लावायच्या आधीच म्हणाले, मला एक दुरुस्ती करायची आहे. मामाजींचं पत्र सरांना दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि चष्मा काढून पुसत राहिले. मग मामीनं सांगितलेलं सगळं मी लिम बाईंना सांगितलं. ‘लोटाभर पाणी’ याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, तर हातानं करून दाखवलं. हॉलमध्ये हशा झाला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “म्हणजे जानेवारीत मी तुमच्याकडे कोण होते? पाहुणी की गिऱ्हाईक?”

मी म्हणाले, “आमच्या मामीच्या लेखी पाहुणी. कागदावर गिऱ्हाईक.”

त्या म्हणाल्या, “मी कागदावर माल घेते.”

पाच टनांची ऑर्डर रद्द झाली. सिंगापूरची जागा कोल्हापूरच्या मुलाला मिळाली. मी त्याचं अभिनंदन केलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले, हे लिहिते आहे कारण तुम्ही सगळं लिहिता. त्यानं संध्याकाळी हॉस्टेलवर गुळाची ढेप पाठवली. खूप चांगला गूळ आहे. फार राग आला.

पण एक गोष्ट राहिली. जाण्याआधी बाईंनी मला बोलावून विचारलं, “यंदाचा आहे तुझ्याजवळ?” खुशालकाकाजी मागच्या महिन्यात पुन्हा आले तेव्हा मामीनं माझ्या जेवणासाठी पाठवलेला होता, घरच्या माणसाचा, नवा. तो शिजवला. लगदा झालाच. त्यांनी खाल्ला आणि म्हणाल्या, “वास तोच आहे. भात दुसरा आहे.” मग तुमच्या पत्रकावर ‘खरीप २००२’ला पेन्सिलनं गोल करून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद मला परत दिला. सोबत पाठवते आहे. सही तुमची आहे.

आणि मामाजी, एक माझंही. पिशवी उघडली तेव्हा वास आला, तो मी ओळखला होता. सात वर्षं त्या खोलीत अभ्यास केला आहे. ढोलीचा वास आहे हे कळलं होतं, आणि ढोलीत काय असतं तेही. घरची आठवण म्हणून मी तो विचार तिथंच थांबवला. तुमच्यावर रागावले, त्याचं खरं कारण हे होतं.

तर आपण दोघं. मामी नाही.

नूतन


अर्जुनी मोरगाव, १६ मार्च २००३

चि. नूतन,

पत्रक मिळालं. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुझी मामी म्हणाली, “आता रडून राहिले का हसून राहिले, एक काही करा.”

ठरलं ते लिहितो. यंदाचं उरलेलं चिन्नोरचं धान लहान ढोलीत भरलं, पाला घातला, तोंड शेणमातीनं लिंपलं. वर खडूनं ‘२००२’ लिहिलं. तीन वर्षं हात लावायचा नाही. कल्पना तुझ्या मामीची. तिचं म्हणणं, तांदूळ खोटा नव्हता, फक्त लवकर गेला होता. चैतराम आणि भैय्यालालही एकेक ढोली राखणार आहेत. कशासाठी, ते मला सांगता आलं नाही, तरी राखणार आहेत.

पत्रक माझ्या डायरीत आहे. फाडणार होतो. फाडलं नाही.

मामा


पुणे, १३ जुलै २००३

प्रिय मामाजी, मामी,

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. पहिल्या वर्गात आले. पण मजा ऐका. डॉक्युमेंटेशनच्या पेपरात पाचवा प्रश्न असा होता: ‘एका भात पिकवणाऱ्या प्रदेशात पाहुण्यास जुना तांदूळ देण्याची रीत आहे. पुरवठादाराच्या घरून नमुना त्या रीतीप्रमाणे पाठवला गेला. चर्चा करा. गुण दहा.’

साठजणांनी मामीवर चर्चा केली. तो ‘मध्य प्रदेश ना?’वाला मुलगा पाच पानं लिहून आला. त्याला आठ मिळाले.

मला सहा.

सरांना जाऊन विचारलं, सर, सहा? ते म्हणाले, “तू उपाय लिहिला नाहीस. नुसतं घडलेलं लिहिलंस.” मी म्हणाले, उपाय ढोलीत आहे, तीन वर्षं लागतील. ते म्हणाले, “मग चार गुण तेव्हा घेऊन जा.”

मामीला सांगा, पुण्यात तिला ओळखत नाही असं आमच्या वर्गात कुणी उरलेलं नाही.

नूतन


नवी मुंबई, २० नोव्हेंबर २००५

प्रिय मामाजी, मामी,

फोनवर हे सांगता आलं असतं. पण ही गोष्ट पत्रांचीच आहे.

तुम्हाला माहीतच आहे, मी इथं दीड वर्ष दुसऱ्यांच्या मालाचे कागद करते. काल एका कागदावर सिंगापूरचं ओळखीचं नाव दिसलं. मी ईमेलच्या खाली दोन ओळी जोडून पाठवल्या: तुम्हाला आठवत नसेल, पण २००३ साली पुण्यात तुम्ही आमच्या पाहुण्या होतात. आज उत्तर आलं. त्यांनी एवढंच विचारलं आहे, “तो २००२ अजून आहे का?”

असला तर एक टन घेईन म्हणतात, एका रेस्टॉरंटपुरता. आधी दोन किलो नमुना. आमचे साहेब म्हणाले, एवढ्याशा मालासाठी एवढे कागद? पण करू दिले.

मामाजी, आहे का अजून? की खाऊन झाला?

नूतन


अर्जुनी मोरगाव, ४ डिसेंबर २००५

चि. नूतन,

आहे. पण टन नाही.

आपली ढोली कालपर्यंत तशीच लिंपलेली होती. भैय्यालालचीही आहे, त्यानं कुलूप घातलेल्या खोलीत ठेवली होती. चैतरामनं मागच्या उन्हाळ्यात मुलीच्या लग्नात अर्धी रिकामी केली. मी बोललो तर म्हणाला, “मास्तर, वरातीतले काय गिऱ्हाईक होते? पाहुणेच होते ना!” तुझ्या मामीनं त्याला दिलेलं उत्तर लिहिण्यासारखं नाही.

तिघांचा मिळून तांदूळ आठ क्विंटल निघेल. टन म्हणू नकोस. आठ क्विंटल म्हण.

काल ढोली फोडली. दाणा किंचित पिवळसर, हातात खडखडीत. मामीनं वाटीभर शिजवला. आम्ही दोघं पाहुण्यांसारखं समोरासमोर बसून जेवलो. ती म्हणाली, “माह्या घरी मलेच पहिल्यांदा भेटला.” चोवीस वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते मी डायरीत लिहून ठेवलं आहे, आणि त्यापुढे जे लिहिलं ते तुला सांगत नाही.

तुझ्या ऑफिसानं नवं पत्रक पाठवलं आहे. मी जुनंच काढलं. वाण, चिन्नोर. कुठं पिकला, गोंदिया जिल्हा. पीक वर्ष, खरीप २००२. बाईंचा पेन्सिलीचा गोल आणि प्रश्नचिन्ह तसंच आहे; ते खोडण्याचा अधिकार त्यांचा. ओलावा मात्र पुन्हा मोजून घेतला, चौदाचा बारा झाला आहे, तेवढं बदललं. तुकडा पुन्हा पाच ढिगांत मोजला. सही तीच ठेवली. तिच्याखाली फक्त आजची तारीख घातली. नवं पत्रकही भरून जोडलं आहे, नाहीतर तुझे साहेब रागावतील.

पिशवी मामीनं शिवली आहे. मी ती नाकाशी धरली. यावेळी विचारलं, कशाचा वास येतो आहे?

“कडूलिंबाच्या पाल्याचा,” ती म्हणाली. “तीन सालचा आहे. लिहा.”

लिहिलं.

तुझा,
केवळराममामा